खिशातला तगादा

महिन्याच्या एक तारखेला संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलं, तर गर्दीतल्या कितीतरी खिशांमध्ये एकच संदेश येऊन पडलेला असतो. उद्या हप्ता आहे, खात्यात पुरेशी शिल्लक ठेवा. दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीचा माणूस यंत्रापाशी पोचतो न पोचतो तोच बँकेची यंत्रणा त्याच्या खात्यात हात घालते. शिल्लक असली तर विषय संपला. नसली तर आणखी दोन संदेश येतात. एक फायनान्सवाल्यांचा, हप्ता परत गेल्याचा. दुसरा बँकेचा, हप्ता परत गेल्याबद्दल दंड लावल्याचा. दंड कापायलाही खात्यात काही नसेल, तर दंडसुद्धा उधारीवर राहतो आणि पुढच्या पगारातून सगळ्यात आधी तोच जातो.

मग फोन सुरू होतात. आधी यंत्राचा गोड आवाज, नंतर माणसाचा. ‘दादा, आज संध्याकाळपर्यंत करून टाका ना. सिबिल कशाला खराब करून घेता?’

या ‘दादा’मागे आता बराच विचार असतो. संदेश किती वाजता पाठवायचा, त्यात दंडाची भीती घालायची की चांगल्या ग्राहकाचं कौतुक करायचं, नाव घ्यायचं की नाही, मराठीत लिहायचं की हिंदीत, या गोष्टी पूर्वी वसुलीवाल्याच्या जिभेवर सोडलेल्या असत. आता त्या आधी दोन गटांवर तपासून ठरवता येतात. या विद्येला ‘नज’ म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि २०१७ मध्ये थेलरांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सक्ती करायची नाही, पैशाचं मोठं आमिष दाखवायचं नाही. फक्त निवडीची मांडणी अशी करायची की माणूस आपणहून हव्या त्या बाजूला वळेल. मराठीत याला शब्द शोधताना पंचाईत होते. ‘कोपरखळी’ म्हणावं तर त्यात चेष्टा येते, ‘ढोसणं’ म्हणावं तर जोर येतो. भाषेची ही अडचण विषयाचीच अडचण आहे: हलकासा धक्का कुठे संपतो आणि ढकलणं कुठे सुरू होतं?

या शास्त्राचं सर्वात गाजलेलं उदाहरण कर्जाचं नाही, कराचं आहे. ब्रिटनच्या करखात्याने २०११ मध्ये एक लाखाहून जास्त थकबाकीदारांना पाठवलेल्या स्मरणपत्रांत एकेक वाक्य बदलून पाहिलं. दहापैकी नऊ जण वेळेवर कर भरतात आणि तुम्ही न भरणाऱ्या मोजक्यांपैकी आहात, अशा आशयाचा मजकूर सर्वांत प्रभावी ठरला. साध्या पत्राच्या तुलनेत तेवीस दिवसांत भरणा करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पाच टक्के-बिंदूंनी वाढलं. खर्च शून्य, कारण पत्रं तशीही जाणारच होती. युगांडातल्या एका अभ्यासात हप्त्याच्या आधी मोबाइलवर साधी आठवण पाठवल्याचा परिणाम व्याजात पंचवीस टक्के सूट देण्याइतका निघाला. इंडोनेशियात क्रेडिट कार्डाचं बिल थकवलेल्या ग्राहकांना एका संदेशात, ऐपत असूनही कर्ज न फेडणं हा अन्याय आहे, हे धर्मवचन पाठवलं गेलं आणि थकबाकीचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून साधारण साडेचार टक्के-बिंदूंनी खाली आलं. फिलिपाइन्समध्ये तर संदेशाचा उपयोग मुख्यतः तेव्हाच झाला, जेव्हा त्यात कर्ज अधिकाऱ्याचं नाव होतं आणि कर्जदार त्या अधिकाऱ्याला आधीपासून ओळखत होता.

ओळखीच्या माणसाची भीड आपल्याकडे कुणी नव्याने शिकवायला नको.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पेशवाई बुडाल्यावर, १८१९ मध्ये, जिंकलेल्या मुलखाबद्दल सविस्तर अहवाल लिहिला. कर्जवसुलीबद्दल लिहिताना तो थेट आपलाच शब्द वापरतो: तगादा. त्याने नोंदवलेला तगादा नुसत्या विनवण्यांपासून सुरू होतो. पुढे ऋणकोवर पहारा बसतो, त्याला जेवू दिलं जात नाही, मान आणि पाय एकत्र बांधले जातात. शेवटच्या टोकाला भर उन्हात, डोक्यावर जड दगड देऊन, एका पायावर उभं केलं जातं. याच्या जोडीला धरणं होतं. सावकार किंवा त्याने नेमलेला ब्राह्मण ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि दारातला उपाशी असताना घरात जेवायचं कसं, या संकोचात घरच्यांचीही उपासमार होई. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांतही धरण्याची वर्णनं आहेत. आजच्या भाषेत बोलायचं तर धरणं हा सामाजिक दबावाचा प्रयोग होता. फक्त त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

पुढे कोर्ट आलं आणि तगाद्याची जागा कागदाने घेतली. कागद कमी क्रूर होता, पण त्याला भीड कळत नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते कर्जरोखे. ते मिळवून जाळले गेले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

सुप्याच्याच जिल्ह्यातल्या आकुर्डीत ११२ वर्षांनी कर्जाचा दुसरा अध्याय सुरू झाला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचे दिवस सरत आले होते. १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स स्थापन झाली, दुचाकी-तीनचाकीला कर्ज देण्यासाठी. पूर्वी माणूस पैसे भरून गाडीची वाट पाहायचा. आता गाडी आधी घरी येऊ लागली आणि पैशांची वाट कंपनी पाहू लागली. २०१० मध्ये नावातून ‘ऑटो’ गळलं. टीव्ही, फ्रिज, फोन असं सगळंच हप्त्यांवर गेलं. गंमत अशी की आकुर्डीच्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, पण कर्ज देणाऱ्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आजही मुंबई-पुणे रस्त्यावरच्या आकुर्डीचाच आहे.

याच कंपनीवर ५ जानेवारी २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने अडीच कोटी रुपयांचा दंड लावला. वसुली करणाऱ्या एजंटांकडून ग्राहकांचा छळ किंवा धाकदपटशा होणार नाही, याची खात्री करण्यात कंपनी कमी पडली, हे दंडाचं एक कारण होतं. हा रोग एकाच कंपनीचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती महिलेचा चिरडून मृत्यू झाला. त्यानंतर महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करून घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली; ती जानेवारी २०२३ मध्ये उठली. त्याआधीच, १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात नियम स्पष्ट केले होते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नाहीत. शिवीगाळ, धमकी नाही. चारचौघांत मानहानी नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही.

संध्याकाळी सात ही वेळ कागदावर छान दिसते. चाकणमध्ये मात्र तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस सकाळी नऊला झोपतो, आणि नियमाप्रमाणे तेव्हा त्याला फोन करता येतो.

हे झालं खासगी वसुलीचं. सार्वजनिक वसुलीला चारचौघांची अडचण नाही. ठाणे महापालिकेने २०१६ मध्ये मालमत्ता कर थकवणाऱ्यांच्या दारात ढोल-ताशे नेऊन वाजवले, आणि त्याची बातमी जगभर पोचली. म्हणजे जे फायनान्सवाल्याने केलं तर गुन्हा, ते पालिकेने केलं तर कल्पकता.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने ढोलापेक्षा बराच वेगळा रस्ता धरला. शहरात सुमारे सहा लाख मिळकती आहेत. आयुक्त शेखर सिंह यांच्या काळात करसंकलन विभागाने थकबाकीदारांची माहिती वेगवेगळ्या अंगांनी चाळायला घेतली. २०२३ मध्ये ‘सिद्धी’ प्रकल्पाखाली कराची बिलं घरोघर पोचवण्याचं काम बचत गटांतल्या महिलांना दिलं. पहिल्या दृष्टीला ही रोजगाराची योजना वाटते, आणि तशी ती आहेही. पण वसुलीच्या नजरेने पाहिलं तर तिचा अर्थ आणखी आहे. टपालाने आलेलं बिल दाराखाली सरकतं आणि रद्दीत जातं. आपल्याच वस्तीतल्या बाईने हातात ठेवलेलं बिल मिळालंच नाही, असं म्हणता येत नाही. फिलिपाइन्सच्या अभ्यासात जे निघालं, तेच इथे साडीचा पदर खोचून दारात उभं होतं. जोडीला ३० जूनच्या आत भरणाऱ्याला सवलत आणि उशीर करणाऱ्याला दरमहा दोन टक्के शास्ती, अशी गाजर-काठी होतीच. कर न भरणाऱ्यांच्या मिळकती सील करणंही थांबलं नव्हतं. २०२२-२३ मध्ये करवसुली ८१६ कोटींवर गेली, २०२३-२४ मध्ये ९७७ कोटींवर.

हे आकडे पाहून टाळी वाजवण्याआधी एक मोठी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शहरात अवैध बांधकामांवरचा शास्तीकर वर्षानुवर्षं धुमसत होता. हजारो मिळकतदारांनी मूळ करही भरला नव्हता, कारण त्यांच्या मते शास्तीकर हाच अन्याय होता. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला. अट होती आधी मूळ कर भरण्याची. तुंबलेलं पाणी मोकळं झालं. मग ९७७ कोटींतलं श्रेय चांगल्या संदेशाला किती, घरी आलेल्या ताईंना किती आणि सरकारी निर्णयाला किती? वेगवेगळे गट पाडून मोजल्याशिवाय हे सांगता येत नाही. ‘नज’च्या नावाने जमा होणाऱ्या पुष्कळ यशोगाथांचं हेच दुखणं आहे: शेजारी मोठा निर्णय उभा असतो, फोटोत मात्र कोपरखळी येते.

फायनान्सवाल्यांच्या वसुलीच्या ऑफिसात कर्जदाराला नावाने कमी आणि ‘बकेट’ने जास्त ओळखतात. हप्ता चुकून तीस दिवस झाले नाहीत तोवर एक बकेट, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवर. पहिल्या बकेटमध्ये गोड आवाज, दुसरीत घरी माणूस, तिसरीत वकिलाचा कागद. फोनवरच्या मुलामुलींचं यश ‘पीटीपी’वर मोजतात. पीटीपी म्हणजे अमुक तारखेला भरतो, असं कर्जदाराने स्वतःच्या तोंडाने दिलेलं वचन. मानसशास्त्र सांगतं की माणूस स्वतः बोललेला शब्द पाळायला धडपडतो. म्हणून ‘कधी भरणार?’ असं न विचारता ‘पाच तारखेला भरता की सहाला?’ असं विचारायचं. दोन्ही उत्तरं वसुलीच्याच बाजूची. मंडईतला भाजीवाला ‘मेथी देऊ की पालक?’ विचारतो, तीच ही युक्ती. फरक इतकाच की मंडईत काही न घेताही पुढे जाता येतं.

याच ऑफिसात तयार होणारा आणखी एक कागद जास्त बारकाईने पाहण्यासारखा आहे. लोकअदालत भरण्याआधी दाखलपूर्व प्रकरणांच्या नोटिसा जातात. कायद्याने लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. न पटल्यास नाही म्हणता येतं, आणि तिथे कुणालाही तुरुंगात टाकत नाहीत. पण नोटिशीवर ‘अदालत’ हा शब्द असतो, न्यायालयाचा पत्ता असतो, तारीख आणि वेळ असते. भोसरीच्या भाड्याच्या खोलीत ती आली की घरातल्या म्हाताऱ्यांचा जेवणावरून जीव उठतो. खोटं काहीच लिहिलेलं नसतं. मांडणीच सगळं काम करते. तडजोड ऐच्छिक आहे, ही ओळ ठळक अक्षरांत वर छापली तर नोटीस तितकीच खरी राहील, फक्त वसुली कमी होईल. ती ओळ किती ठळक असावी यावर नियमांत बोट ठेवता येत नाही, आणि बहुतेक कोपरखळ्या अशाच फटीत राहतात.

फटीच्या पलीकडे उघडी गुंडगिरी आहेच. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाला २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप दिसली. त्यांतली सहाशे बेकायदा होती. फोनमधली संपर्कयादी उचलायची आणि हप्ता चुकला की सासऱ्यापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना कळवायचं, ही या ॲपवाल्यांची पद्धत. पुढे नियमाने कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, फोटो आणि फोनच्या नोंदी पाहायला बंदी झाली. एल्फिन्स्टनने पाहिलेला डोक्यावरचा दगड दोनशे वर्षांनी व्हॉट्सॲपवर आला होता.

आता मूळ प्रश्नाकडे. चाकणचा माणूस हप्ता का चुकवतो?

संदेश लिहिणाऱ्या शास्त्राचं गृहीतक असतं की तो विसरतो, टाळतो किंवा आज उद्यावर ढकलतो. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे, आणि त्यांच्यासाठी एक आठवण पुरते. पण या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराचं कॅलेंडर नीट पाहिलं तर वेगळंच काही दिसतं. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची मर्यादा ठरवली होती: हजारपेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याची सात तारीख, जास्त असतील तर दहा. हप्ता मात्र बहुधा दोनला किंवा पाचला. म्हणजे ठेकेदाराने कायदा तंतोतंत पाळून सातला पगार केला, तरी दोनचा हप्ता गेल्या महिन्याच्या पगारातून उरलेल्या पैशांतून जायला हवा. आणि ठेकेदाराचा पगार कंपनीकडून बिल सुटेपर्यंत लांबला, तर तारखांचं गणित आणखी बिघडतं. हा माणूस हप्ता विसरलेला नसतो. त्याला तो एक तारखेपासून पाठ असतो.

अशा माणसाला तीन दिवस आधी आठवण पाठवणं म्हणजे कोरड्या विहिरीत दोर अधिक हळुवार सोडणं.

कायम कामगारांच्या जुन्या पिढीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता, आणि तोही कुठल्याही नोबेलशिवाय. कारखान्यांतल्या कामगारांच्या पतसंस्था. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे, कर्जदार सभासदाने लिहून दिलं की त्याचा हप्ता मालकाने पगारातूनच कापून संस्थेला द्यायचा. पगार हातात येण्याआधीच हप्ता वजा. न विसरणं, न बाऊन्स, न दंड. पगार लांबला तर हप्ताही आपोआप लांबला. शिवाय जामीनदार त्याच शॉपवरचे. कर्ज थकलं तर शेजारच्या यंत्रावरच्या दोस्ताच्या पगाराला कात्री लागणार, ही भीड कुठल्याही संदेशापेक्षा जड. अगदी पाणी डोक्यावरून गेलं तरच कलम १०१ चा वसुली दाखला निघे.

या व्यवस्थेला दोष नव्हते असं नाही. मुदत संपायच्या आत जुनं कर्ज फेडून नवं वाढीव काढायचं, वेतनकरार झाला की मिळालेल्या फरकात ते मिटवायचं, आणि पुन्हा काढायचं. कित्येकांची नोकरी या चक्रात गेली. जामीनदारांची भांडणं झाली, सोयरिका तुटल्या. पण तारीख त्यांच्या बाजूची होती. कायम नोकऱ्या आटल्या आणि ठेकेदारीतला पोरगा पतसंस्थेच्या सभासदत्वाबाहेर राहिला. त्याच्यासाठी उरला मोबाइलच्या दुकानातला फायनान्सचा टेबल. आणि भिशी. भिशीची तारीख मात्र सभासद स्वतः ठरवतात, आणि पगार व्हायच्या आधीची तारीख कुणी धरत नाही.

तारीख खरंच इतकी महत्त्वाची आहे का? कोलकात्यात एका लघुवित्त संस्थेच्या ग्राहकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा हप्ता आठवड्याचा ठेवला, काहींचा महिन्याचा केला. महिन्याच्या गटातल्या बायकांमध्ये परतफेडीची काळजी वा ताण वाटत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी निघालं. थकबाकी मात्र वाढली नाही. ना संदेश बदलला, ना आवाज. फक्त दिवस बदलला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या लघुवित्त नियमांतही परतफेडीचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठेवण्याची मुभा द्यायला सांगितलं आहे. फोनच्या आणि मोटारसायकलच्या कर्जाला हे नियम बहुधा लागू होत नाहीत.

उलट फोनच्या कर्जात वारं दुसऱ्याच दिशेला वाहतंय. हप्ता चुकला की दुरूनच फोन बंद पाडण्याची परवानगी द्यावी का, याची चर्चा २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या दारापर्यंत गेली. ग्राहक शिस्तीत येतील, व्याज स्वस्त होईल, असं बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. पण ठेकेदाराचा ‘उद्या ये’ हा निरोप त्याच फोनवर येतो, पगार त्याच फोनवर दिसतो, आणि थकलेला हप्ताही त्याच फोनवरून भरायचा असतो.

दिवाळीच्या आठवड्यात चाकणपासून निगडीपर्यंत दुकानांवर ‘शून्य डाउन पेमेंट’च्या पाट्या लागतात. बोनसचा हंगाम असतो; कायद्याने किमान ८.३३ टक्के, आणि थेलरांनीच सांगून ठेवलंय की अवचित आलेला पैसा माणूस मनातल्या वेगळ्या डबीत टाकतो आणि पगारापेक्षा सैल हाताने खर्चतो. धनत्रयोदशीला गाडीला झेंडूची माळ चढते, पेढे वाटले जातात. टेबलामागचा मुलगा फोनवर अर्ज भरत असतो: आधार, पॅन, चेहऱ्याचा फोटो, दोन ओळखीच्यांचे नंबर, कंपनीचं नाव, महिन्याचा पगार. दहा मिनिटांत मंजुरी. पगार किती होतो, हे तो विचारतो. कितव्या तारखेला होतो, असा रकाना त्याच्या पडद्यावर बहुधा नसतो. हप्त्याची तारीख शेवटी आपोआप उमटते, आणि तिच्याखाली अंगठ्याने एक चौकोन दाबायचा असतो.